परसातलं घरटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमचा फोन वाजायला लागतो. "काका, जास्वंदीत कोणीतरी काड्या नेतंय." "पाईपावर दोन अंडी आहेत आणि आई गायब आहे." "पिल्लू खाली पडलंय, दूध पाजू का?" साताऱ्यातल्या एका बैठ्या घराच्या परसात वीस-बावीस वर्षं घरटी बघत आलोय, एवढंच माझं भांडवल. दरवर्षी तीच उत्तरं देतो, म्हणून ती एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ठेवलेत, त्यामुळे मांडणी जरा विस्कळीत आहे.

आमचं परस जेमतेम दहा बाय पंधरा फुटांचं. तिथे कोण घरटं करणार?

बरेच जण करतात. लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल छातीएवढ्या उंचीच्या कुठल्याही दाट झुडपात वाटीसारखं घरटं करतात. जास्वंद, मधुमालती, मेंदीचं कुंपण, बाल्कनीतली लोंबती कुंडी, काहीही चालतं. शिंपी पक्ष्याला, जो पानं शिवून घरटं करतो, दोन-तीन रुंद पानं मिळाली की पुरे. शिंजिराला, म्हणजे सूर्यपक्ष्याला, नुसतं लोंबतं टोक हवं. कपड्यांची दोरी असो की दारावरचं जुनं तोरण, त्याला दोन्ही सारखंच. होला, म्हणजे पारव्याचा लहान भाऊबंद, एसीच्या पेटीवर चार काड्या टाकतो आणि त्यालाच घर म्हणतो. खालून बघितलं तर काड्यांच्या फटीतून अंडी दिसतात, इतका त्याचा कारभार विरळ. चिमणी, साळुंकी आणि दयाळ यांना भोक लागतं: भिंतीतलं, पाईपातलं, मीटरच्या खोक्यामागचं. परसात शेवग्याची किंवा आंब्याची एखादी वाळकी फांदी असेल तर तांबट तिच्यात ढोली कोरेल. म्हणून वाळकी फांदी दिसली की लगेच करवत काढू नका. ती घरावर किंवा रस्त्यावर पडायच्या बेतात नसेल तर राहू द्या.

घरटी कोणत्या महिन्यात होतात?

"वसंतात" हे शाळेतल्या निबंधातलं उत्तर झालं. आपल्याकडे हंगाम दोन टप्प्यांत चालतो. फेब्रुवारी-मार्चपासून बुलबुल, दयाळ, तांबट आणि साळुंक्या सुरू करतात. कावळे एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत. पाऊस पडून गवत आणि किडे वाढले की सुगरण, मनोली आणि वटवटे यांची पाळी येते. शिंप्याचीही खरी धांदल पावसाळ्यातच. चिमण्या, होले, पारवे आणि शिंजीर यांना तर जवळजवळ वर्षभर हंगाम. त्यामुळे परस पूर्ण रिकामं आहे असा महिना सांगणं कठीण. आमच्याकडे सर्वात शांत महिना म्हणजे डिसेंबर.

घरटं शोधायचं कसं?

शोधायचं नाही, बसायचं. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात चहा घेऊन एका जागी बसा आणि पक्ष्याच्या चोचीकडे बघा. चोचीत काडी, काथ्या किंवा जळमट असेल तर बांधकाम चालू आहे. अळी किंवा नाकतोडा असेल आणि तो स्वतः न गिळता इकडेतिकडे बघत असेल तर घरट्यात पिल्लं आहेत. पांढरी गोळी चोचीत धरून बाहेर जाताना दिसला तर फारच छान! ती पिल्लांची शी असते. पातळ पापुद्र्यात बांधून येते, आणि आईबाप ती लांब नेऊन टाकतात, म्हणजे घरट्याखाली माग राहत नाही. बारशाआधीच डायपरची सोय करून ठेवलेली.

पक्षी थेट घरट्यात शिरत नाही हेही लक्षात ठेवा. आधी तारेवर, मग पेरूवर, मग कुंपणावर, आणि आपली नजर चुकली की आत. फांद्या बाजूला करून शोधायला गेलात तर घरटं सापडेल, पण तुमच्या मागोमाग कावळ्यालाही सापडेल. माणूस कुठे वाकून बघतोय हे कावळा नीट बघून ठेवतो.

किती अंतरावरून बघावं?

ठरावीक फूट सांगता येत नाहीत. पक्षी सांगतो. तुम्हाला बघून तो चोचीतली अळी तशीच धरून "चिक चिक" करत राहिला आणि आत जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणं सगळ्यात उत्तम, कारण खिडकीतल्या माणसाची त्यांना सवय असते. दुर्बीण घ्यायची झाली तर आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची घ्या. परसासाठी त्याहून मोठी नको. आरसा काठीला बांधून घरट्यात डोकावणारे लोक मी पाहिलेत. अगदीच गरज असेल तर पिल्लं असताना, आईबाप गेलेले असताना, पाच सेकंद, आणि तेही आठवड्यातून एकदा. मी स्वतः ते सोडून दिलं.

अंडी घातलीत, पण पक्षीण बसतच नाही. टाकून गेली का?

सगळ्यात जास्त फोन याचेच. बहुतेक लहान पक्षी रोज एक असं करून दोन-चार अंडी घालतात, आणि शेवटचं किंवा त्याच्या आधीचं अंडं आल्यावरच बसायला सुरुवात करतात. कारण सरळ आहे. पहिल्या दिवसापासून ऊब दिली तर पहिलं पिल्लू तीन दिवस मोठं आणि शेवटचं तीन दिवस लहान, मग धाकट्याच्या वाट्याला खाणंच येणार नाही. ऊब मिळेपर्यंत अंड्यातली वाढ थांबून राहते, त्यामुळे ती तीन-चार दिवस खराब होत नाहीत. म्हणून आठवडाभर तरी "टाकून गेली" असं म्हणू नका. आणि बल्ब लावून ऊब द्यायला तर अजिबात जाऊ नका.

पिल्लं उडायला किती दिवस लागतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फारच कमी. बुलबुलाचं अंडं बारा-चौदा दिवसांत फुटतं आणि पुढच्या बारा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर. शिंप्याचे साधारण बारा आणि चौदा. चिमणीची अंडी अकरा ते चौदा दिवसांत फुटतात, मग पंधराएक दिवस पिल्लं घरट्यात. शिंजिराला दोन्ही टप्प्यांत थोडा जास्त वेळ लागतो. होल्याचे दोन आठवडे आणि दोन आठवडे. पारव्याचं मात्र लांबतं: सतरा-अठरा दिवस अंडी, त्यावर महिनाभर पिल्लं.

म्हणजे रंगकाम काढलंय आणि घरट्यात बुलबुलाची अंडी आहेत, तर रंगाऱ्याला "पुढच्या महिन्यात या" एवढंच सांगायचं आहे. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न. आमच्याकडे एका वर्षी मागच्या दाराचा दिवा महिनाभर लावला नाही, कारण दिव्याच्या पितळी बैठकीवर शिपाई बुलबुल बसली होती. घरच्यांनी मला चार शब्द सुनावले, पण दिवा कोणी लावला नाही.

शिंपी खरंच पान शिवतो का?

खरंच शिवतो, आणि शिवण्याचं काम बहुतेक मादी करते. आधी पानाला लोंबकळून, आत-बाहेर करून पान पेलेल का ते बघते. मग कडेला चोचीने बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कापूस, झाडाचे तंतू किंवा कोळ्याचं जाळं ओढून घेते. आपण मारतो तशी गाठ नसते. दोरा भोकातून बाहेर आला की त्याचं टोक पिंजून फुगतं आणि तिथेच अडकतं, रिवेटसारखं. एक मोठं पान गुंडाळून, नाहीतर दोन-तीन पानं जोडून खिसा तयार होतो, आणि खरं घरटं त्या खिशात, मऊ कापसाचं.

गंमत अशी की पान झाडावरच असतं, हिरवंगार, जिवंत. पानाची वरची बाजू बाहेर राहील अशीच गुंडाळी असते, त्यामुळे दोन हातांवरून पाणी घालणाऱ्या माणसालाही ते दिसत नाही. वांगी, अंजीर, लिंबू, जास्वंद, मनीप्लँट अशी कोणतीही बरी पानं चालतात. आमच्याकडे वांग्याच्या झाडावर होतं आणि आमच्या आईने त्याच झाडाची वांगी तीनदा तोडली होती. चौथ्यांदा पान हाताला जड लागलं तेव्हा कळलं.

आवाजावरून शिंपी ओळखणं सोपं: एवढासा जीव आणि "टुविट टुविट टुविट" करून सगळी आळी उठवतो. विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब होतात, त्यावरून नर-मादी कळतात. मादी अंड्यांवर असताना शेपूट उभी करून बसते, त्यामुळे घरट्यातून नुसती शेपूट आणि चोच दिसते.

दाराच्या बेलच्या वायरला कचऱ्याचा झुबका लोंबतोय. झाडूने काढणार होते, तर त्यातून पक्षी निघाला!

नशीब निघाला. ते शिंजिराचं घरटं. लांबट थैली, बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. बाहेरून साली, वाळक्या पाकळ्या, बियांची टरफलं, अळ्यांची लेंडी असं काय काय जळमटांनी चिकटवलेलं असतं. कचरा वाटावा हाच तर हेतू. बांधते मादी. नर चकचकीत कपडे घालून आजूबाजूला गात फिरतो, पण पिल्लांना भरवायला येतो. अंडी बहुधा दोन.

बेल महिनाभर बंद ठेवा. दाराला एक चिठ्ठी लावा. आणि एक विनंती: दिवाळीच्या सफाईत घराबाहेरची सगळी कोळिष्टकं काढून टाकू नका. शिंजीर, शिंपी, चष्मेवाला, नाचण या सगळ्यांचं सिमेंट तेच आहे. वळचणीचा एक कोपरा कोळ्यांना सोडलात तर पुढच्या घरट्याला तुमचा हातभार लागला.

सुगरण परसात येईल का?

परस शेताला, ओढ्याला किंवा विहिरीला लागून असेल आणि बाभूळ, शिंदी किंवा नारळ असेल तर येईल. शहरात आशा धरू नका.

नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो नर. गवताच्या आणि शिंदीच्या पानांच्या पट्ट्या फाडून आणतो, शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार झाला की पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत बसून बघते, ओढून बघते. पसंत पडला तर नर बाकीची नळी पूर्ण करतो. नाही पडला तर खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो. त्या झाडावर नीट बघा, असे नाकारलेले खोपे हमखास दिसतील. मादी एकदा अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा संसार डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर रोज नजर ठेवून उलगडला. घराजवळ बसून, हातात वही. परसातून बघणाऱ्यांनी मान ताठ करावी असं हे उदाहरण.

खोप्याच्या आत नर ओल्या मातीचे गोळे चिकटवतो. त्यात काजवे रोवून सुगरण उजेड पाडते अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. काजवे नसतात, माती असते. गोष्ट मात्र छान आहे.

कावळ्याने पिल्लं नेली. मी थांबवायला हवं होतं का?

हे उत्तर कोणालाच आवडत नाही. परसातली बरीच घरटी फसतात. कावळा, भारद्वाज, मांजर, धामण, मुंगूस, सरडा, खार, मुंग्या असे खाणारे पुष्कळ. भारद्वाज दिसला की शुभशकुन म्हणून हात जोडतात, पण घरटी धुंडाळण्यात तो कावळ्याला हार जात नाही. त्यालाही घरी पिल्लं असतात. बुलबुल आठ-दहा दिवसांत दुसऱ्या झुडपात परत काड्या न्यायला लागते. तिचा हिशोब एका घरट्याचा नसतो, हंगामाचा असतो.

मी साप, कावळा, शिक्रा यांच्या मध्ये पडत नाही. मांजराच्या मध्ये मात्र पडतो, कारण मांजर आपण आणलेलं आहे. घरचं मांजर असेल तर पिल्लं उडण्याच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ घरात ठेवा. घरट्याच्या झाडाखाली खरकटं टाकू नका, त्यानेच कावळे आणि उंदीर येतात. धान्याचं भांडंही घरट्यापासून लांब.

कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं अंडं. काढून टाकू?

नको. कोकीळ स्वतः घरटं करतच नाही. नर काळा, लाल डोळ्यांचा, तोच "कुहू" करणारा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज "किक किक किक". कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधी बाहेर येतं आणि भरवून घ्यायला पहिला नंबर लावतं. पण युरोपातली कोकिळा जशी यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलते, तसं हे सहसा करत नाही. अनेकदा दोघंही वाढतात. जून-जुलैमध्ये विजेच्या तारेवर कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवताना दिसतो, तो प्रसंग चुकवू नका.

हाच उद्योग पावशा आणि चातक सातभाईंच्या घरट्यात करतात. "पेरते व्हा" म्हणणारा पावशा स्वतः पेरतो ते दुसऱ्याच्या घरात.

कावळ्याचं घरटं शेंड्यावर असलं तर दुष्काळ, मध्यावर असलं तर चांगला पाऊस. खरं का?

दर मे महिन्यात हे छापून येतं. मी सहा वर्षं आमच्या आळीतली कावळ्यांची घरटी मोजली. एकाच वर्षी शेंड्यावरही होती आणि मध्यावरही. ज्याला जे झाड मिळालं तिथे त्याने बांधलं.

टिटवीच्या बाबतीतही असंच म्हणतात, उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त. टिटवी शहरात सपाट गच्चीवरही अंडी घालते, आणि तिथे काय म्हणायचं? टिटवीचं पिल्लू मात्र बाकीच्यांसारखं आंधळं, उघडं जन्मत नाही. अंड्यातून निघालं की काही तासांत पळायला लागतं. गच्चीवर पिल्लं असतील तर पाण्याच्या टाकीची झाकणं लावून ठेवा.

पिल्लू खाली पडलंय. काय करू?

पहिली दहा मिनिटं काहीच करू नका, फक्त मांजर-कुत्रं आवरा आणि बघा.

अंगावर पिसं आली आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, बाहेर आलंय. बहुतेक पक्षी नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि दोन-चार दिवस झुडपांत काढतात. आईबाप तिथे येऊन भरवतात. वर्दळीत असेल तर उचलून जवळच्या झुडपात फांदीवर ठेवा आणि लांब जा. दरवर्षी अशी धडधाकट पिल्लं "वाचवून" खोक्यात घातली जातात आणि त्यांची आई दिवसभर भिंतीवर अळी घेऊन ओरडत बसते.

उघडं, डोळे मिटलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. घरटंच पडलं असेल तर लहान परडी किंवा नारळाची करवंटी घ्या, तळाला पाणी जायला भोकं पाडा, आत सुकं गवत घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितकी जवळ, सावलीत, तारेने घट्ट बांधा. मग घरात जाऊन तासभर खिडकीतून बघा. पिल्लांचा आवाज ऐकून आईबाप बहुतेक वेळा येतात.

जखमी असेल, किंवा मांजराने तोंडात धरलं असेल, तर जखम दिसत नसली तरी डॉक्टर लागतो. मांजराच्या दातांतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, मऊ कापड घाला, अंधारात शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. दूध, भात, दूध-पाव काही देऊ नका. ड्रॉपरने पाणी तर मुळीच नको: पिल्लाची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते, पाणी सरळ फुप्फुसात जातं. मदत म्हणून मारलेली पिल्लं मी बरीच पाहिलीत, त्यातलं एक माझ्या हातचं.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते ना?

नाही. लहानपणी आपल्याला हे सांगितलं ते पिल्लांना हात लावू नये म्हणून, आणि त्या कामाला ते बरं होतं. एकदा उचलून ठेवल्याने आई पिल्लू सोडत नाही. ती घरटं सोडते ते वारंवार त्रास झाल्यावर, आणि तेही अंडी असताना किंवा बांधकाम चालू असताना जास्त. पिल्लं मोठी झाली की तिचा जीव गुंततो, किंवा तेवढी मेहनत वाया घालवणं परवडत नाही, काय म्हणायचं ते म्हणा.

फोटो काढला तर चालेल?

लांबून, फ्लॅशशिवाय, घरट्याभोवतीचं एकही पान न हलवता. "जरा क्लिअर यावं" म्हणून पानं बाजूला बांधली की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर येतं. एप्रिल-मेमध्ये उघडी पिल्लं त्याने मरतात. पिल्लं उडायला दोन-तीन दिवस उरले असताना मोबाईल जवळ नेलात तर घाबरून सगळी एकदम उड्या टाकतात, उडता येत नसताना. आणि दुर्मीळ काही असेल तर जागा कुठेही सांगू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरी नाचणाचं घरटं होतं. दोन दिवसांत सोळा जण कॅमेरे घेऊन आले, तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं.

चिमणीसाठी तयार घरटं लावायचंय. कसलं घ्यावं?

लाकडी. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं नको, उन्हाळ्यात भट्टी होते. भोक सव्वा ते दीड इंच. त्याहून मोठं ठेवलंत तर साळुंकी ताबा घेईल. भोकाखाली बसायची काठी नको. ती चिमणीला लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. आठ-दहा फूट उंचीवर, छपराखाली, तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून. फिरत्या पंख्याजवळ नको. झाकण उघडता यावं, म्हणजे हंगामानंतर साफ करता येतं.

लावलं म्हणजे चिमणी आली असं होत नाही. आमच्याकडे पहिलं खोकं दोन वर्षं रिकामं होतं. जुन्या वाड्यांत वळचण होती, कोनाडे होते, तसबिरींच्या मागची जागा होती. आता भिंती गुळगुळीत. पण जागेपेक्षा मोठी अडचण खाण्याची आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पिल्लांना पहिले दिवस किडे आणि अळ्या लागतात. बागेत कीटकनाशक मारायचं आणि खोकं टांगायचं, हे काही जुळत नाही. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला, जो २०१० पासून नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने सुरू झाला, खोकी भरपूर वाटली जातात. त्याच दिवशी औषधाचा पंप माळ्यावर टाकला तर जास्त उपयोग.

पारव्यांनी बाल्कनी व्यापलीय. तेही "बघायचं" का?

हा एकच पक्षी असा की ज्याच्यासाठी मी जाळी लावा म्हणतो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा त्रास होतो, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर थट्टा नाही. पण जाळी अंडी नसताना लावा. अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा आणि लगेच जागा बंद करा, कारण ही मंडळी आठवड्याभरात पुन्हा अंडी घालतात. विष्ठा पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून काढा, कोरडी झाडू नका.

दयाळ रोज मोटारसायकलच्या आरशावर चोच मारतो. वेडा झालाय का?

हंगाम आहे. आरशात दुसरा नर दिसतो आणि तो काही केल्या हद्दीतून जात नाही. आरशावर जुना मोजा चढवा. शिंजीरही खिडकीच्या काचेशी असाच भांडतो.

घरटं बांधायला सामान ठेवलं तर चालेल?

काथ्या, वाळलं गवत, शेवरीचा कापूस चालतो. तुकडे बोटभर लांबीचे. केस, नायलॉनचा दोरा, मांजा, लोकर नको. पिल्लांच्या पायात अडकून पाय सुजतो, कधी तुटतोही. खरं तर पायपुसणं जुनं झालं की कुंपणावर टाका, बाकीचं काम चिमण्या बघून घेतात.

पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, रोज ओतून घासायचं. नाहीतर डास होतील आणि पक्ष्यांच्या नादात आळीला डेंग्यू.

शेजारी फांद्या छाटतायत आणि त्यात घरटं आहे. कायदा काही सांगतो का?

सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं येतं. शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती वेगळी. पण शेजाऱ्याला कलम ऐकवण्याआधी दुर्बीण द्या आणि पिल्लं दाखवा. मला आजवर कायद्यापेक्षा दुर्बिणीनेच जास्त फांद्या वाचवता आल्या. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या गाड्या नेमक्या मे महिन्यात फिरतात, ऐन हंगामात. गाडी आली तर माणसांना चहा द्या आणि कुठली फांदी सोडायची ते वर बोट करून दाखवा, ते ऐकतात.

पिल्लं उडाली. घरटं काढू का?

दोन-तीन आठवडे थांबा. चिमणी, होला, पारवा त्याच जागी परत येतात. बुलबुल आणि शिंपी बहुतेक नव्याने बांधतात. सुगरणीचे खोपे शोभेसाठी घरी नेऊ नका, रिकाम्या खोप्यात मनोल्या रात्री झोपायला येतात.

बुलबुलाचं जुनं, सोडलेलं घरटं असेल तर ते मुलांबरोबर वर्तमानपत्रावर ठेवून हळूच उकला, मग हात धुवा. गेल्या दिवाळीत आम्ही एक उकललं. केरसुणीच्या काड्या, कडुनिंबाचे देठ, सुपारीच्या सालीचे तंतू, तांब्याची बारीक तार, बिस्किटाच्या पुड्याची लाल पट्टी, आणि तळाला गोल गोल गुंडाळलेला राखीचा धागा. तो शेजारच्या चिंटूचा निघाला. त्याने परत मागितला.